शाळिग्रामातले चक्र वाचताना : अमोनाइटची रचना आणि उत्क्रांती, नवख्यांसाठी

देवघरातल्या शाळिग्रामावर जे चक्र दिसते, ते बहुतेक वेळा अमोनाइटचे, म्हणजे कप्प्यांचा वेटोळा शंख असलेल्या, आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचे असते. वज्रकीट नावाचा किडा दगड कोरून हे चक्र घडवतो, अशी परंपरेतली कथा आहे. भूविज्ञान सांगते की तिथे खरेच एक प्राणी होता, पण त्याने दगड कोरला नाही. दगड त्याच्या शंखाभोवती नंतर तयार झाला. नेपाळमध्ये काली गंडकीच्या वरच्या खोऱ्यात, मुक्तिनाथच्या परिसरात, काळ्या शेलचे, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेल्या खडकाचे, थर आहेत. हिमाचलातल्या स्पितीवरून त्यांना स्पिती शेल म्हणतात. साधारण १६ ते १४ कोटी वर्षांपूर्वी टेथिस नावाच्या, आता नाहीशा झालेल्या समुद्राच्या तळाशी हा चिखल साचला. मेलेल्या अमोनाइटच्या शंखाभोवती तो घट्ट होऊन गोटे बनले, पुढे हिमालय वर आला आणि नदीने ते गोटे बाहेर काढून गुळगुळीत केले.

असा दगड हाती आला की नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘याचे नाव काय?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. ज्याला शंखाचे भाग ओळखता येत नाहीत, तो चित्र जुळवून नाव लावतो आणि ते बहुधा चुकते. आधी मोजायचे, मग कप्पे शोधायचे, मग सीवनरेषा, म्हणजे कप्प्यांमधले पडदे कवचाला टेकतात ती नक्षीची रेषा, काढायची. हा क्रम पाळला तर नाव कळले नाही तरी प्राणी कळतो.

सामान

दहापट मोठे दाखवणारे भिंग, ०.१ मिमीपर्यंत वाचता येणारा व्हर्नियर कॅलिपर, छोटा टॉर्च, मऊ ब्रश, पाण्याची फवाऱ्याची बाटली, टोकदार मऊ पेन्सिल, पारदर्शक प्लास्टिकचा कागद आणि बारीक टोकाचा मार्कर. यात सर्वांत महत्त्वाचा टॉर्च. वरून पडणाऱ्या उजेडात जीवाश्म सपाट दिसतो. टॉर्च दगडाच्या पातळीला जवळजवळ समांतर धरला की प्रत्येक कंगोऱ्याची सावली पडते. फोटो काढताना उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून येऊ द्या. जीवाश्मांच्या चित्रांत हाच रिवाज आहे, आणि तो मोडला तर खळगा उंचवट्यासारखा भासतो.

शिकायला एक कापलेला नमुनाही हवा. मादागास्करचे, मधोमध कापून घासलेले क्लिओनिसेरास अमोनाइट जगभर विकले जातात. वय साधारण ११ कोटी वर्षे. शाळिग्राम फोडून आत बघण्यापेक्षा हा अर्धा तुकडा शेजारी ठेवणे कधीही चांगले. पूजेतल्या दगडावर क्ले दाबणे, पेन्सिलीने गिरवणे असले पुढे दिलेले काहीच करू नका. कडेने उजेड टाकून काढलेला फोटो त्यासाठी पुरेसा आहे.

पहिली पायरी : शंख, साचा की ठसा

जीवाश्म तीन रूपांत मिळतो. मूळ कवच टिकले असेल तर ते शंखरूप. कवच विरघळून गेले आणि आत भरलेला चिखल दगड झाला, तर तो आतला साचा. आणि कवचाच्या बाहेरच्या बाजूची छाप भोवतीच्या दगडात उरली, तर तो बाहेरचा ठसा.

हे आधी ठरवले नाही तर पुढचे सगळे उलटे वाचले जाते. शाळिग्रामाच्या पोकळीत दिसणारे चक्र पुष्कळदा बाहेरचा ठसा असते, म्हणजे जिथे शंखावर कंगोरा होता तिथे खोबण आणि जिथे खोबण होती तिथे कंगोरा. अशा ठशावर सीवनरेषा कधीच दिसणार नाही, कारण ती कवचाच्या आतल्या बाजूला असते. अभ्यासासाठी मिळालेल्या ठशावर मुलांच्या खेळातला मऊ क्ले दाबून हलकेच काढला की मूळ शंखाची बाजू हातात येते.

दुसरी पायरी : अमोनाइटच आहे ना?

वेटोळे असलेला प्रत्येक दगड अमोनाइट नसतो. गोगलगायीच्या शंखात कप्पे नसतात. आतून एकच सलग पोकळी टोकापर्यंत जाते, आणि वेटोळे सहसा जिन्यासारखे एका बाजूला चढत जाते. बहुतेक अमोनाइट एकाच पातळीत वळलेले असतात, दोन्ही बाजू सारख्या. नागपूरजवळ टाकळी येथे दख्खनच्या लाव्हाथरांच्या मधल्या गाळात फायसा नावाच्या गोगलगायीचे शंख मिळतात. ती गोड्या पाण्यातली. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्टने झाकलेला आहे आणि लाव्हात समुद्री शंख टिकत नाहीत, म्हणून सह्याद्रीच्या कातळातला गोल आकार अमोनाइट समजण्याची घाई करू नका. अमोनाइट पाहायचे तर कच्छ, तमिळनाडूतले अरियलूर आणि स्पिती हे भाग, आणि मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यातले बाघ थर.

खरा गोंधळ नॉटिलसशी होतो. तोही शीर्षपाद, म्हणजे माकूळ-ऑक्टोपसच्या गटातला, त्याचाही शंख कप्प्यांचा, आणि त्याचे काही जातभाई आजही जिवंत आहेत. फरक ओळखायच्या जागा तीन. नॉटिलसमध्ये कप्प्यांतून जाणारी नळी, म्हणजे सायफंकल, कप्पे वेगळे करणाऱ्या पडद्याच्या मध्याजवळून जाते. अमोनाइटमध्ये ती बाहेरच्या कडेला चिकटून असते. नॉटिलसचे पडदे मुखाकडून, म्हणजे शंखाच्या उघड्या तोंडाकडून, पाहिले तर बशीसारखे खोलगट दिसतात. मधोमध कापलेल्या अमोनाइटमध्ये ते मुखाकडे फुगलेले दिसतात. आणि नॉटिलसची सीवनरेषा साधी, हलक्या लाटेची असते.

याला अपवाद आहेत. अगदी आरंभीच्या अमोनॉइडांचे (अमोनाइट ज्यात येतात त्या मोठ्या गटाचे) पडदे नॉटिलससारखेच खोलगट होते, आणि डेव्होनियन काळाच्या (सुमारे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वी) शेवटी क्लिमेनिड नावाच्या गटात सायफंकल आतल्या कडेला गेली होती. पण कच्छ किंवा स्पितीच्या नमुन्यावर तुम्हाला हे अपवाद भेटणार नाहीत.

तिसरी पायरी : मोजमाप

चार मापे घ्या. एकूण व्यास, शेवटच्या वेटोळ्याची उंची, त्याच वेटोळ्याची जाडी, आणि नाभीची रुंदी. नाभी म्हणजे मधला खोलगट भाग, जिथून आतली वेटोळी दिसतात. व्यास नेहमी केंद्रातून जाणाऱ्या रेषेवर घ्या.

समजा व्यास ६० मिमी, मुखाकडची उंची २० मिमी, नाभी २६ मिमी आणि समोरच्या बाजूची, म्हणजे अर्धा फेरा मागची उंची १४ मिमी. २० + २६ + १४ = ६०. ही बेरीज जमलीच पाहिजे. एक-दोन मिमीहून जास्त फरक आला तर कॅलिपर तिरका धरला गेला आहे किंवा नमुना दबून लंबगोल झाला आहे. शेलमधले अमोनाइट वरच्या थरांच्या भाराने पुष्कळदा दबलेले असतात. ९० अंशांवर दुसरा व्यास मोजून पाहा. शंख वाढता असल्याने थोडा फरक येणारच, पण तो डोळ्यात भरण्याइतका असेल तर त्या नमुन्याच्या जाडीवर विसंबू नका.

नाभी भागिले व्यास : २६ ÷ ६० = ०.४३. हा आकडा ०.४ च्या वर गेला की शंख मोकळा, आतली वेटोळी उघडी. ०.२ च्या खाली आला की घट्ट, शेवटच्या वेटोळ्याने आतली बहुतेक झाकलेली. स्पितीत मिळणारा ब्लॅनफोर्डिसेरास पहिल्या प्रकारचा, तर कच्छचा मॅक्रोसेफॅलाइट्स फुगीर आणि छोट्या नाभीचा.

आता वाढीचा पट. मुखाच्या बाहेरच्या कडेपासून त्याच्या आतल्या वेटोळ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. हे अंतर वेटोळ्याच्या उंचीपेक्षा कमी भरते, कारण नवे वेटोळे जुन्याला थोडे कवेत घेते. समजा ते १७ मिमी आहे. ६० – १७ = ४३; ६० ÷ ४३ = १.३९५, त्याचा वर्ग १.९५. म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात शंख १.९५ पट होतो. ही वाढ चक्रवाढ व्याजासारखी आहे, दर फेऱ्याला जवळजवळ तोच पट. याचा उपयोग पुढच्या पायरीत होतो.

चौथी पायरी : प्राणी नेमका कुठे राहत होता

नवखे लोक समजतात की प्राणी सगळ्या वेटोळ्यात पसरून राहत असेल. तसे नाही. तो फक्त शेवटच्या मोकळ्या भागात, निवासकक्षात, राहायचा. वाढताना तो पुढे सरकायचा आणि मागे पडदा घालून एक कप्पा बंद करायचा. मागच्या सगळ्या कप्प्यांतून एक बारीक नळी जायची, तिच्यात जिवंत, रक्तपुरवठा असलेली ऊती असायची. नवा कप्पा आधी पाण्यासारख्या द्रवाने भरलेला असे. नळीची ऊती त्यातले क्षार ओढून घेई, त्यांच्यामागे पाणी नळीत येई आणि जागा वायूने भरे. आजचा नॉटिलस हेच करतो. ही क्रिया सावकाश चालते. जड होत जाणाऱ्या शंखाचे वजन तोलून धरणे हे तिचे काम. पाणबुडीसारखे झटपट वर-खाली जाण्यासाठी ती नाही.

कापलेल्या तुकड्यात हे स्वच्छ दिसते. निवासकक्षात भोवतालचा गाळ भरलेला असतो, कारण त्याचे तोंड उघडे होते. बंद कप्प्यांत गाळ शिरू शकला नाही, फक्त क्षारयुक्त पाणी झिरपले, म्हणून तिथे कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाचे स्फटिक चमकतात. गाळ संपून स्फटिक जिथे सुरू होतात, तिथे शेवटचा पडदा. एखाद्या कप्प्यात खाली गाळ आणि वर स्फटिक असे दोन मजले दिसले, तर त्यांच्यामधली सपाट रेषा म्हणजे शंख तळाशी कसा पडला होता याची खूण. बाहेरच्या कडेने जाणारी काळपट बारीक नळी दिसली नाही तर ती नव्हती असे समजू नका. कापणाऱ्याचे पाते मधल्या पातळीपासून एक-दोन मिमी सरकले असेल. अशा तुकड्यात केंद्रातला पहिला गोल कप्पाही हरवलेला असतो.

आता तुमचा ६० मिमीचा नमुना पाहा. अगदी टोकापर्यंत पडद्यांच्या रेषा दिसत असतील, तर निवासकक्ष तुटून गेला आहे आणि हा प्राणी ६० मिमीचा नव्हता. निवासकक्षाची लांबी गटागटात वेगळी, साधारण अर्ध्या फेऱ्यापासून दीड फेऱ्यापर्यंत, कुठे त्याहूनही जास्त. पाऊण फेरा धरला तर १.९५ चा ०.७५ वा घात, म्हणजे १.६५. ६० × १.६५ = ९९. म्हणजे प्राणी जवळजवळ १० सेंमीचा होता. जर्मनीत म्युन्स्टरजवळ सेपेनराडे येथे १८९५ मध्ये सापडलेल्या पॅरापुझोसिया या महाकाय अमोनाइटचा व्यास १.७४ मीटर आहे आणि त्याचाही निवासकक्ष अपुरा आहे.

शेवटचे काही पडदे अचानक जवळजवळ आलेले दिसले तर तो प्रौढ. वाढ मंदावली की कप्पे आखूड होतात. प्रौढ नमुन्यांत आणखी एक गोष्ट लक्षात घ्या : एकाच थरात आतली वेटोळी अगदी सारखी असलेले मोठे आणि लहान असे दोन प्रकार मिळतात, आणि लहानाच्या मुखाला दोन्ही बाजूंनी कानासारखे पट्टे असू शकतात. पूर्वी त्यांना वेगळ्या जाती समजून वेगळी नावे दिली गेली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे मादी आणि नर असल्याचे मानले जाते, मोठी ती मादी.

पाचवी पायरी : सीवनरेषा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पडदा जिथे कवचाच्या आतल्या भिंतीला टेकतो, त्या जोडाची रेषा म्हणजे सीवनरेषा. पडदा मध्यभागी साधा फुगीर असतो, पण कडेकडे येताना त्याला घड्या पडतात, नऊवारीच्या निऱ्यांसारख्या, आणि भिंतीवर त्या घड्यांची नक्षी उमटते. कवच शाबूत असेल तर ती दिसत नाही. आतल्या साच्यावरच ती दिसते.

दगड ओला करा, टॉर्च कडेने धरा, भिंगातून बघा. शेवटच्या दोन-तीन रेषा सोडा, कारण प्रौढाच्या जवळजवळ आलेल्या रेषा एकमेकींत घुसलेल्या असतात. एकच रेषा निवडा आणि बाहेरच्या कडेच्या मध्यापासून नाभीपर्यंत पेन्सिलीने गिरवा. मग वर पारदर्शक कागद घट्ट बसवून मार्करने उतरवून घ्या. बाहेरच्या मध्यावर एक बाण काढा, टोक मुखाच्या दिशेने. बाण नसलेले चित्र निरुपयोगी आहे, कारण मग पुढे काय आणि मागे काय हेच कळत नाही. मुखाकडे आलेला फुगवटा म्हणजे खोगीर, मागे गेलेला म्हणजे पाळी. शेजारी त्या जागेचा व्यास लिहा.

रेषेचे तीन ढोबळ प्रकार आहेत. खोगीर आणि पाळ्या दोन्ही साध्या, दाते नसलेल्या : गोनियाटाइट पद्धत. खोगीर साधे, पण पाळीच्या तळाला दाते : सेराटाइट पद्धत. दोन्हीकडे नक्षीच नक्षी, शेवाळाच्या फांद्यांसारखी : अमोनाइट पद्धत.

चुका कुठे होतात ते आधीच सांगतो. कंगोरे हे कवचावरचे उंचवटे, सीवनरेषा ही आतली. पण साच्यावर दोन्ही एकत्र दिसतात आणि नवखा कंगोऱ्यालाच रेषा समजतो. कंगोरा बोटाला लागतो, सीवनरेषा लागत नाही. दुसरी चूक झिजलेल्या नमुन्याची. साचा घासला गेला की आधी बारीक दाते जातात, रेषा सोपी दिसू लागते आणि ज्युरासिक अमोनाइटला कुणी सेराटाइट म्हणून मोकळे होते. पॉलिश केलेल्या दगडावर ही शक्यता नेहमी धरा. तिसरी चूक आतल्या वेटोळ्यावरून रेषा उतरवण्याची. प्रत्येक अमोनाइटची पहिली रेषा साधी असते. वाढत्या वयाबरोबर ती गुंतागुंतीची होते. २० मिमी व्यासाची रेषा आणि ८० मिमीची रेषा यांची तुलना म्हणजे बाळाची आणि बापाची तुलना.

पडद्याला इतक्या घड्या कशासाठी, यावर मतभेद आहेत. पाण्याच्या दाबाखाली भिंतीला आधार, स्नायूंना पकड, कप्प्यात द्रव धरून ठेवणे, अशी उत्तरे दिली जातात. दाबाचे उत्तर सर्वांत जुने आहे, पण तेवढ्याने ही सगळी नक्षी समजते असे वाटत नाही.

सहावी पायरी : हातातला नमुना वंशवेलीत बसवणे

वेल सरळ शंखापासून सुरू होते. बॅक्ट्रिटिड नावाच्या सरळ शंखाच्या शीर्षपादांपासून डेव्होनियन काळात, सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वी, अमोनॉइड वेगळे झाले. पहिली वेटोळी सैल होती, एकमेकींना न टेकणारी, मधे भोक असलेली. पुढे टप्प्याटप्प्याने ती घट्ट झाली. त्याच बॅक्ट्रिटिडांच्या बाजूने दुसरी शाखा निघाली, तिच्यात आजचे माकूळ आणि ऑक्टोपस येतात. म्हणून अमोनाइटचे जवळचे नातलग नॉटिलस नव्हेत. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस हा माकूळ कुळातल्या प्राण्याचा शरीरात गेलेला शंख आहे, आणि तो आडवा मोडला तर त्यातही पडदे आणि कप्पे दिसतात. तो एकदा भिंगाखाली जरूर बघा.

पुढचा इतिहास वारंवार बुडण्याचा आणि सावरण्याचा आहे. डेव्होनियनच्या शेवटी गट जवळजवळ संपला. २५.२ कोटी वर्षांपूर्वी पर्मियनच्या अंती पुन्हा मोजकेच उरले, आणि त्यांच्यापासून पुढच्या ट्रायासिक काळात सेराटाइटांची, म्हणजे सेराटाइट पद्धतीची रेषा असलेल्या अमोनॉइडांची, भरभराट झाली. २०.१ कोटी वर्षांपूर्वी तेही गेले. ज्युरासिक आणि त्याच्या पुढच्या क्रिटेशस काळातल्या समुद्रांतले सगळे अमोनाइट त्यानंतर वाचलेल्या थोड्या वंशांचे. इतक्या झपाट्याने बदलणारा आणि दूरवर पसरणारा प्राणी थरांचे वय सांगायला फार उपयोगी. जर्मन भूवैज्ञानिक अल्बर्ट ओपेलने १८५० च्या दशकात ज्युरासिक थरांचे अमोनाइटवरून टप्पे पाडले. आज यातले अनेक टप्पे दहा लाख वर्षांपेक्षाही लहान आहेत.

सीवनरेषेचे तीन प्रकार म्हणजे तीन युगे, असे पाठ करू नका. अमोनाइट पद्धतीची रेषा पर्मियनमध्येच दिसू लागली होती, आणि क्रिटेशसमधल्या काही वंशांत ती पुन्हा सोपी होऊन सेराटाइटसारखी झाली. रेषा एक पुरावा, थर दुसरा. दोन्ही जुळले पाहिजेत.

क्रिटेशसमध्ये वेटोळे मोडणारे पुष्कळ झाले. बॅक्युलाइट्स सुरुवातीचा इवलासा वळसा सोडला तर काठीसारखा सरळ; जपानचा निप्पोनाइट्स गुंडाळलेल्या दोरीसारखा. एके काळी याला वंशाचा ऱ्हास म्हटले जायचे. ते चूक होते. बॅक्युलाइट्स आणि असेच वेटोळे मोडणाऱ्या स्कॅफाइट्सचे वंशज अगदी शेवटपर्यंत टिकून होते.

शेवट ६.६ कोटी वर्षांपूर्वी, उल्कापाताच्या वेळी. डेन्मार्कमध्ये त्या सीमेच्या किंचित वरच्या थरातही काही अमोनाइट मिळतात, म्हणजे थोडे जण काही काळ तगले. नॉटिलस का वाचला, याचे पटणारे स्पष्टीकरण अंड्यात आहे. अमोनाइटचे पिल्लू जेमतेम एक मिमीचे, वरच्या पाण्यात तरंगणारे. तिथली अन्नसाखळी कोसळली तेव्हा पिढीच संपली. नॉटिलसचे पिल्लू अडीच-तीन सेंमीचे जन्मते.

प्राण्याचे चित्र काढताना

नॉटिलसचे नव्वदच्या आसपास हात अमोनाइटला लावू नका. अमोनाइटचे मऊ शरीर क्वचितच टिकते, पण तोंड टिकते. त्याच्या जिभेवरच्या दातांची मांडणी माकळीशी जुळते, नॉटिलसशी नाही. बॅक्युलाइट्सच्या तोंडात दातांबरोबर बारीक कवचधारी प्राण्यांचे तुकडे मिळाले आहेत. शिंपल्याच्या जोडीसारखे दिसणारे ॲप्टिकस नावाचे तुकडे मिळाले तर ते टाकू नका. ते खालच्या जबड्याचे भाग मानले जातात. शंख ॲरॅगोनाइट या चुन्याच्या दुसऱ्या खनिजाचा, लवकर विरघळणारा. ॲप्टिकस कॅल्साइटचे, टिकणारे. काही खोल समुद्री थरांत तेवढेच उरतात.

नाव आणि निगा

आता नावाकडे या. कंगोरे सरळ की वाकडे, एकाचे दोन कुठे होतात, बाहेरच्या कडेवर सलग जातात की मधे तुटतात, कणा किंवा गाठी आहेत का, हे लिहा. ब्लॅनफोर्डिसेरासचे ठळक कंगोरे दुभंगतात आणि बाहेरच्या मध्यावर खंडित होतात. मॅक्रोसेफॅलाइट्सचे बारीक कंगोरे कडेवरून सलग जातात. चार मापे, सीवनरेषा, कंगोऱ्यांचे वर्णन आणि थराचे नाव असेल तर जाणकार तुम्हाला निदान प्रजातीपर्यंत (जीनस) नेऊ शकतो. नुसत्या फोटोवरून तो अंदाजच करेल.

साफसफाईला पाणी आणि मऊ ब्रश. लिंबू, व्हिनेगर किंवा बाथरूमचे ॲसिड अजिबात नको. कॅल्साइट फसफसून जाईल आणि सीवनरेषा आधी जाईल. तेल किंवा वार्निश लावल्याने दगड छान काळा दिसतो, पण त्यावर धूळ बसते आणि बारीक दाते भरून जातात.

शाळिग्रामात सोनेरी कण दिसतात ते पुष्कळदा पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचे असतात. दमट हवेत पायराइटचे ऑक्सिडीकरण होऊन पांढरी-पिवळी भुकटी सुटते, गंधकाचा वास येतो आणि दगड तडकतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हा धोका जास्त. असा नमुना घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आर्द्रता ५० टक्क्यांखाली राहील असे पाहा आणि जेल दर महिन्याला तपासा. अभिषेक होणारा दगड लगेच कोरड्या सुती कापडाने टिपून घ्या.

मुक्तिनाथचा परिसर अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात येतो. तिथून काही उचलण्याआधी स्थानिक कार्यालयात विचारा. कच्छमध्येही जमीन कुणाची आहे ते आधी बघा. प्रत्येक नमुन्यासोबत चिठ्ठी ठेवा : गाव, ओढा किंवा टेकडी, थर, तारीख, आणि तो थरातून काढला की सुटा पडलेला मिळाला. ही शेवटची नोंद बहुतेक जण विसरतात, आणि सुट्या दगडाचे वय खालच्या थराचे म्हणून लिहितात.